तिघांतला चौथा

कॅनडातल्या 'रश' या रॉक त्रिकुटाच्या चाहत्यांत एक जुना वाद आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. 1982 ते 1987 या काळात या बँडने चार अल्बम काढले: 'सिग्नल्स', 'ग्रेस अंडर प्रेशर', 'पॉवर विंडोज' आणि 'होल्ड युअर फायर'. या चारांत सिंथेसायझरने एवढी जागा व्यापली की, गिटारवर पोसलेला हा बँड तिथेच वाहवत गेला, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाला आपली सर्वांत जिव्हाळ्याची गाणी नेमकी याच पाच वर्षांत सापडतात. पहिल्या पक्षाची गाडी 1981च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'पाशी थांबते, दुसऱ्याची तिथून सुटते.

आमच्या मते या वादात मोजमापच चुकले आहे. सिंथेसायझर किती वाजला यावर दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात. तो त्या गाण्यात कशासाठी आला, हे फारसे कोणी विचारत नाही. काही गाण्यांतून तो वजा केला तरी गाण्याचे काही बिघडत नाही. तिथे तो त्या काळाचा शौक होता, एवढेच म्हणावे लागेल. काही गाण्यांतून मात्र तो काढला तर गाण्याचा विषयच हातातून निसटतो. या काळातली टिकलेली गाणी बहुतेक या दुसऱ्या जातीची आहेत.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. 'रश'ची स्थापना 1968 साली टोरांटोत झाली. 1974 मध्ये ड्रमर नील पिअर्ट दाखल झाले आणि गेडी ली, अ‍ॅलेक्स लाइफसन व पिअर्ट ही तिकडी पुढची चार दशके तशीच राहिली. शब्द बहुतेक पिअर्ट यांचे, संगीत उरलेल्या दोघांचे, अशी वाटणी. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या रिवाजाप्रमाणे सत्तरच्या दशकात त्यांनी रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना केल्या. 1976च्या '2112'मध्ये दूरच्या भविष्यातले पुरोहितांचे राज्य होते. त्यानंतरच्या दोन अल्बमांत कृष्णविवरात शिरणारे अंतराळयान आणि ग्रीक देव होते. 1978चा 'हेमिस्फिअर्स' पुरा करताना तिघेही मेटाकुटीला आले आणि एवढ्या लांबलचक रचनांना त्यांनी रामराम ठोकला.

आता वाद्यांचा हिशेब. या प्रकारच्या बहुतेक नावाजलेल्या बँडमध्ये कीबोर्डवाला हा स्वतंत्र आणि बऱ्याचदा सर्वांत दिमाखदार माणूस असे. 'इमर्सन, लेक अँड पामर'मध्ये कीथ इमर्सन होते, 'येस'मध्ये रिक वेकमन. 'रश'कडे असा माणूस नव्हता आणि चौथा माणूस घ्यायची त्यांची तयारीही नव्हती. मग कीबोर्डचे काम पडले गेडी ली यांच्या गळ्यात. ते आधीच गात होते आणि बेस गिटार वाजवत होते, म्हणजे दोन्ही हात अडकलेले. मोकळे होते ते पाय. मूग कंपनीचे 'टॉरस' हे पायाने दाबायच्या पट्ट्यांचे यंत्र त्यांनी रंगमंचावर आणले. एका वेळी एकच मंद्र सूर, पण पाय ठेवला की तानपुऱ्यासारखा गाण्याखाली भरून राहणारा. हातासाठी 'मिनीमूग' होता. त्यातूनही एका वेळी एकच सूर निघे, त्यामुळे त्यावर धून वाजे, संगत होत नसे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला अनेक सूर एकत्र देणारी यंत्रे हाताशी आली आणि चित्र पालटले. 'ओबरहाइम'च्या यंत्रावर चार-सहा सुरांचा अख्खा कॉर्ड दाबून धरता येऊ लागला. 1981च्या 'टॉम सॉयर'मध्ये सुरुवातीलाच जी गुरगुर ऐकू येते ती याच यंत्राची. तोवर सिंथेसायझर हा पाहुणा होता. 'सिग्नल्स'मध्ये तो घरात राहायलाच आला.

'सिग्नल्स' सप्टेंबर 1982 मध्ये बाजारात आला. त्याचे पहिलेच गाणे 'सबडिव्हिजन्स' या साऱ्या काळातली सर्वांत नेमकी रचना आहे, असे आम्हाला वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबू. ली आणि लाइफसन टोरांटोच्या विलोडेल या उपनगरात वाढले, पिअर्ट सेंट कॅथरिन्सच्या बाजूला. एकसारखी घरे, एकसारखे रस्ते, आणि त्यात एकसारखे वागले नाही तर शाळेत वाळीत पडण्याची भीती, हा गाण्याचा विषय. गाणे उघडते ते फक्त सिंथेसायझरवर. सात मात्रांचे आवर्तन आहे. रूपक ऐकलेल्या कानाला सात मात्रा परक्या नाहीत, पण रॉकच्या चार मात्रांना सरावलेला पाय इथे दरवेळी अर्धे पाऊल चुकतो. त्या सुरांचा पोत गार, गुळगुळीत, कुठेही खरवड नसलेला. गिटार कितीही साफ वाजवली तरी बोट तारेवर सरकल्याचा, नखी लागल्याचा आवाज राहतो, माणसाचा हात कळतो. या यंत्राच्या धरून ठेवलेल्या कॉर्डमध्ये तो कळत नाही. आखून दिलेल्या वसाहतीचे वर्णन करायला याहून योग्य आवाज कोणता सापडला असता? मग पिअर्ट यांचे ड्रम्स येतात आणि त्या गुळगुळीत भिंतीवर आतून धडका देऊ लागतात. पुढे 'मिनीमूग'चा एकट्याचा तुकडा येतो आणि शिट्टीसारखा वर चढत जातो. उपनगरातल्या मुलाला शहराच्या दिव्यांची जी ओढ असते ती त्या तुकड्यात शब्दांपेक्षा जास्त आहे. हेच गाणे गिटारवर बेतले असते तर ते बंडाचे गाणे झाले असते, आणि बंडाची गाणी रॉकमध्ये पैशाला पासरी आहेत. इथला मुलगा बंड करत नाही, तो गुदमरतो.

याच अल्बमवरच्या 'द वेपन'मध्ये ली यांनी रोलँडचा 'जुपिटर-8' हा सिंथेसायझर त्याच कंपनीच्या 'टीआर-808' या ठेका देणाऱ्या यंत्राला जोडला आणि सुरांची धावती माळ आपोआप चालू ठेवली. मराठी वाचकाला यात एक गंमत सापडेल. त्याच 1982 साली मुंबईत, हिंदी सिनेसंगीतात गिटार वाजवणारे चरणजित सिंग हेच दोन यंत्रप्रकार घेऊन बसले होते. त्यांच्याकडे रोलँडचे 'टीबी-303' हे तिसरेही होते. त्यांनी त्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. ती रेकॉर्ड तेव्हा कोणी विचारली नाही, आणि दोन-अडीच दशकांनी परदेशातल्या नृत्यसंगीताच्या जाणकारांनी ती डोक्यावर घेतली. टोरांटोचा आणि मुंबईचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. यंत्रे तेवढी एकाच कारखान्यातली होती, आणि दोन्हीकडे ती कसलेल्या, ताल जाणणाऱ्या वादकांच्या हाती पडली.

'सिग्नल्स'मधले सगळेच या तोलाचे नाही. 'न्यू वर्ल्ड मॅन' हे बँडचे अमेरिकेत सर्वांत वर गेलेले गाणे, 21व्या क्रमांकापर्यंत. पण ते रेकॉर्डच्या दोन बाजूंची लांबी जुळवण्यासाठी घाईघाईने रचलेले होते. 'काउंटडाउन' हे 12 एप्रिल 1981च्या कोलंबिया यानाच्या पहिल्या उड्डाणावर. तिघेही ते पाहायला फ्लोरिडात हजर होते. त्यात यंत्रांचा गडगडाट भरपूर आहे, पण तो प्रसंगाचे नुसते वर्णन करतो. उलट 'लूझिंग इट'मध्ये थकलेली नर्तकी आणि शब्द आटलेला लेखक आहेत, आणि तिथे बेन मिंक यांचे विद्युत व्हायोलिन पुढे येते. यंत्राने कुठे गप्प बसावे हेही या मंडळींना कळत होते, याचा तो पुरावा.

आता तक्रारदार पक्षाचे ऐकू, कारण त्यांचे म्हणणे निराधार नाही. सिंथेसायझरचा भरीव कॉर्ड आणि गिटारचा कॉर्ड साधारण एकाच मधल्या पट्ट्यात वाजतात. दोघांनी एकाच वेळी तोच पट्टा भरला तर एकाला मागे सरावे लागते, आणि सिंथेसायझरचा सूर दाबून ठेवला तर विरत नाही, गिटारचा विरतो. त्यामुळे मागे सरायची पाळी कोणावर येणार हे ठरलेलेच. 'सिग्नल्स'मध्ये लाइफसन यांची गिटार अनेक ठिकाणी दबून गेली आहे. याबद्दलची नाराजी त्यांनी स्वतः पुढे अनेकदा बोलून दाखवली. यातून त्यांनी वाट काढली ती अशी की जाड, गरजणारे कॉर्ड सोडून मोकळे, तुटक, प्रतिध्वनीत भिजवलेले स्वर वाजवायला सुरुवात केली. 'द पोलीस' या इंग्रज त्रिकुटाचा प्रभाव त्यात दिसतो. अडचणीतून शैली निघाली, हे खरे. पण किंमत एका माणसाने मोजली, हेही खरे. सुरुवातीपासूनचे निर्माते टेरी ब्राउन यांनाही ही दिशा रुचली नाही आणि 'सिग्नल्स'नंतर बँड त्यांच्यापासून वेगळा झाला.

पुढचा 'ग्रेस अंडर प्रेशर' एप्रिल 1984चा. क्विबेकच्या मोरिन हाइट्सला, 'ल स्टुडिओ'त तो ध्वनिमुद्रित झाला. ऐन वेळी एका नामांकित निर्मात्याने पाठ फिरवली, शेवटी पीटर हेंडरसन आले, आणि बरेचसे निर्णय तिघांना स्वतःच घ्यावे लागले. गाणी लिहिली जात होती तेव्हा टोरांटोचे वर्तमानपत्र रोज टेबलावर असे: आम्लवर्षा, अण्वस्त्रे, पाडलेले कोरियन प्रवासी विमान. 'डिस्टंट अर्ली वॉर्निंग' हे पहिल्या गाण्याचे नावच कॅनडाच्या उत्तर टोकाला शीतयुद्धात उभारलेल्या रडार-रांगेचे. बातम्यांचा हा गारठा आवाजातही उतरला. जर्मनीच्या 'पीपीजी वेव्ह' या यंत्राचे काचेसारखे स्वर आणि पिअर्ट यांनी नव्याने घेतलेले सिमन्सचे विद्युत ड्रम्स यांमुळे हा अल्बम चौघांत सर्वांत कोरडा, सर्वांत टोकदार वाटतो. आमच्या लेखी तो चौघांत सर्वांत चांगलाही आहे, कारण गिटार इथे पुन्हा भांडायला उभी राहिली आहे. अखेरच्या 'बिट्वीन द व्हील्स'मध्ये सिंथेसायझर हातोड्यासारखे बेसूर कॉर्ड मारत राहतो आणि लाइफसन त्यांना चिरत आपली वाट काढतात. जुन्या वादातल्या दोन्ही पक्षांनी हे गाणे एकत्र बसून ऐकायला हरकत नाही.

पण या अल्बमचे, आणि कदाचित या साऱ्या काळाचे, मध्यवर्ती गाणे 'रेड सेक्टर ए'. नाव आले ते फ्लोरिडाहून: कोलंबियाचे उड्डाण पाहायला निमंत्रितांना जिथे उभे केले होते त्या जागेचे ते नाव. विषय मात्र छळछावणीचा. गेडी ली यांचे आईवडील पोलंडचे ज्यू. दोघेही नाझी छावण्यांतून जिवंत सुटलेले. आई बर्गन-बेल्सनमध्ये होत्या. 15 एप्रिल 1945 रोजी ब्रिटिश सैन्याने ती छावणी मुक्त केली तेव्हा त्यांचा त्यावर विश्वासच बसेना. बाहेर जग शिल्लक असते तर त्याने हे असे चालू दिलेच नसते, तेव्हा बाहेरचे सगळे संपलेले असणार, अशी त्यांची ठाम समजूत झाली होती. लेकाने ऐकलेली ही हकिकत पिअर्ट यांनी शब्दांत घेतली, आणि घेताना छावणीचे, देशाचे, काळाचे नाव टाळले. गाण्यातला कैदी कोणत्याही शतकातला असू शकतो.

या गाण्यात बेस गिटार नाही. जो माणूस बेस वाजवण्यासाठी जगभर ओळखला जातो त्याने आपल्या आईच्या आठवणीवरच्या गाण्यात ते वाद्य खाली ठेवले आणि पूर्ण वेळ सिंथेसायझरपाशी उभे राहणे पत्करले. खाली एक यांत्रिक स्पंदन अखंड धावत राहते. ते वेग वाढवत नाही, कमी करत नाही, दमत नाही. त्यावर लाइफसन यांची गिटार तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि सिमन्सचे ड्रम्स कातड्याच्या ऊबेशिवाय आदळतात. माणसे मोजायची, चालवायची आणि संपवायची यंत्रणा कशी न थांबता चालत असेल, ते ऐकणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. बेस गिटारचा ठोका माणसाच्या छातीतला असतो. इथे तो नसणे हाच आशय आहे. चाल मात्र वेगाची, जवळजवळ नाचण्याजोगी आहे, आणि हा विसंवाद काहींना खटकतो. आम्हाला वाटते, शोकगीताच्या संथ लयीत हे गाणे सोपे झाले असते.

याच अल्बमच्या मागच्या बाजूला तिघांचे जे छायाचित्र आहे ते युसुफ कार्श यांचे. चर्चिलची ती प्रसिद्ध त्रासिक मुद्रा टिपणारे हेच कार्श, अर्मेनियन हत्याकांडातून वाचून कॅनडात आलेले. निवड करताना बँडच्या मनात हे सारे होते की नाही, देव जाणे. पण तो फोटो या अल्बमला शोभतो.

1985चा 'पॉवर विंडोज' म्हणजे सुबत्ता. नवे निर्माते पीटर कॉलिन्स यांनी हात मोकळा सोडला. इंग्लंडमधून अँडी रिचर्ड्स हे कीबोर्डवादक मदतीला आले, अ‍ॅन डडली यांनी तंतुवाद्यांचा ताफा बसवला, 'मॅरेथॉन'साठी गायनवृंद आला. एव्हाना 'मिडी' ही जोडणी सर्वत्र झाली होती आणि एका कीबोर्डवरून अनेक यंत्रे एकदम हलवता येत होती. त्यात आवाज साठवून ठेवणारे सॅम्पलरही आले. स्टुडिओत हे ठीक, पण मंचावर माणसे तीनच. मग तिघांनीही ते आवाज आपापल्यात वाटून घेतले: कुठला गायनवृंद लाइफसन यांच्या पायाखाली, कुठली तंतुवाद्ये ली यांच्या पट्टीवर, कुठले तुकडे पिअर्ट यांच्या ड्रम-पॅडवर. पडद्याआड तंत्रज्ञ पुढच्या गाण्याचे आवाज यंत्रांत भरून ठेवत, पण कळ दाबायची ती मंचावरच्याच कोणीतरी, हा दंडक. टेप लावून मोकळे होणे सहज शक्य असताना त्यांनी ही तारेवरची कसरत ओढवून घेतली. तिथे एक पाय चुकला तर हजारो लोकांसमोर गायनवृंद भलत्याच ओळीवर गाऊ लागणार!

या अल्बममध्ये थाटमाट आहे आणि काही गाण्यांत नुसताच थाटमाट आहे. तरी दोन गाणी आमच्या कसोटीला पुरून उरतात. 'मॅनहॅटन प्रोजेक्ट' अणुबॉम्बच्या जन्माची कथा चार टप्प्यांत सांगते: युद्धाचा काळ, शास्त्रज्ञ, वाळवंट, आणि शेवटी 'एनोला गे'चा वैमानिक. ड्रम्स लष्करी संचलनाच्या चालीवर, आणि तंतुवाद्यांचा विस्तार हळूहळू वाढत जाणारा. बॉम्बचा स्फोट वाद्यांनी 'दाखवण्याचा' मोह त्यांनी टाळला आहे. दुसरे 'मिडलटाउन ड्रीम्स'. लहान गावातला एक विक्रेता, गिटार घेऊन निघायच्या बेतात असलेला एक मुलगा, आणि मध्यमवयात चित्रकलेकडे वळलेली एक बाई, अशी तीन माणसे. दहा वर्षांपूर्वी आकाशगंगांखाली न उतरणाऱ्या पिअर्ट यांच्या लेखणीत आता शेजारीपाजारी आले होते. सिंथेसायझरचा काळ आणि गीतांचे जमिनीवर येणे एकाच वेळी घडले. तक्रारदार पक्ष पहिल्याबद्दल नाक मुरडताना हे दुसरे बहुधा विसरतो.

'होल्ड युअर फायर'बद्दल फार लिहायला नको. 1987च्या या अल्बममध्ये आवाज इतके घासूनपुसून घेतले आहेत की गाण्यांना धारच उरली नाही. आधीचे तिन्ही अल्बम अमेरिकेच्या यादीत 10व्या क्रमांकापर्यंत गेले होते, हा 13वर थांबला. एमी मान यांचा आवाज असलेले 'टाइम स्टँड स्टिल' तेवढे मनात राहते, तेही मुख्यतः त्यांच्या आणि ली यांच्या आवाजांतल्या फरकामुळे. सिंथेसायझर तिथे मखराचे काम करतो. 1989च्या 'प्रेस्टो'पासून गिटार पुन्हा पुढे आणली गेली आणि 1993च्या 'काउंटरपार्ट्स'पर्यंत हिशेब पुरता उलटला. गंमत म्हणजे त्या गिटारप्रधान अल्बमचे निर्मातेही पीटर कॉलिन्सच होते.

2012-13च्या दौऱ्यात बँडने पहिल्यांदा तंतुवादकांचा एक गट सोबत घेतला आणि या काळातली कितीतरी गाणी पुन्हा बाहेर काढली. 'मॅनहॅटन प्रोजेक्ट' आणि 'रेड सेक्टर ए' तेव्हा जिवंत व्हायोलिन-चेलोंसह वाजली. पहिल्याला त्याने झळाळी आली. दुसऱ्यात ती वाद्ये सुरेख वाजूनही खालचे ते यांत्रिक स्पंदन काढावे असे कोणाला वाटले नाही. ते तसेच ठेवले गेले.

ज्यांनी 'रश' अजून ऐकलेला नाही त्यांनी 'सबडिव्हिजन्स'पासून सुरुवात करावी, मग 'ग्रेस अंडर प्रेशर' सलग, पहिल्या गाण्यापासून 'बिट्वीन द व्हील्स'पर्यंत ऐकावा, शक्य तर हेडफोनवर, म्हणजे गिटार आणि सिंथेसायझर एकमेकांच्या वाटेत कुठे येतात ते कळेल. 'पॉवर विंडोज'मधली वर सांगितलेली दोन गाणी त्यानंतर. 'होल्ड युअर फायर'ला घाई नाही.